कावड एक, तहानलेले अनेक

वाचकहो, गुडघ्यांनी रजा घेतली त्याला आता सहा वर्षे होतील. नारदाच्या गादीवर दोन तास उभे राहणे या देहाला झेपत नाही, म्हणून कीर्तनात जे सांगितले असते ते कागदावर सांगतो. मागे टाळकरी नाहीत, पखवाज नाही, सूत्र सुटले तर चाल लावून सावरून घेणारे गायक नाहीत. तेव्हा चुकले-माकले तर तुम्हीच सांभाळून घ्या, माउली.

नाथमहाराजांची एक कथा मी पन्नास वर्षे सांगत आलो. तुम्हा सर्वांना ती पाठ आहे. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी रामेश्वरासाठी आणलेले पाणी त्या गाढवाच्या मुखात घातले आणि इथेच रामेश्वर पावला म्हणाले. ही कथा सांगताना मंडपात कधी डोळे कोरडे राहिले नाहीत. सांगणाऱ्याचेही नाहीत.

गेल्या चातुर्मासात नात घरी आली होती. कोल्हापुरास प्राणिशास्त्र शिकते. संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर ओट्यावर बसून तिने मला विचारले, "आबा, नाथांच्या वाटेत दोन गाढवं असती तर?"

मी हसून म्हणालो, "मग दोघांना अर्धं अर्धं."

"आणि अर्ध्या पाण्यावर दोन्ही मेली असती तर?"

मी गप्प झालो. पन्नास वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. कथेत गाढव एकच आहे, म्हणून कथा सोपी आहे. कावड एक आणि तहानलेले अनेक, हा प्रसंग आला की दयेला नुसते पाझरून भागत नाही, तिला निवड करावी लागते. आणि निवड म्हटली की एकाला हो म्हणताना दुसऱ्याला नाही म्हणावे लागते. सर्व भूतांच्या ठायी एकच पांडुरंग पाहायला शिकलेल्या माणसाने ते नाही कोणत्या तोंडाने म्हणावे?

पोरीने हा प्रश्न गंमत म्हणून विचारला नव्हता. तिच्या अभ्यासात तो रोज उभा असतो, आणि तिथे गाढवांच्या जागी बेडूक आहेत.

बेडूक म्हटल्यावर काहींना हसू येईल. आपल्या बोलण्यात बेडूक येतो तो बहुधा हिणवण्यासाठी. विहिरीपलीकडचे जग न पाहिलेला तो कूपमंडूक. कमळाच्या शेजारी जन्म काढून सुगंधाला मुकलेला असा दृष्टांत आम्ही कीर्तनकारांनीच त्याच्यावर हजार वेळा दिला. अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत मासा आहे, अजगर आहे, कोळी आहे, पतंग आहे, बेडूक नाही. पण ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक अख्खे सूक्त बेडकांवर आहे. पहिल्या पावसाबरोबर त्यांचा जो एकच घोष उठतो, त्याला ऋषींनी वेदपठणाची उपमा दिली आहे. आषाढात रात्री मुक्कामाच्या राहुटीत पडल्या पडल्या तो घोष तुम्ही ऐकला असेल. आपला हरिनामाचा गजर थांबला की त्यांचा सुरू होतो.

हा घोष जगभर थांबत चालला आहे. बेडूक, भेक आणि त्यांच्या गोतातले पाण्यात व जमिनीवर दोन्हीकडे राहणारे जीव, ज्यांना उभयचर म्हणतात, त्यांची २००४ साली पहिल्यांदा जगभराची मोजदाद झाली. तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश प्रजाती नष्ट होण्याच्या धोक्यात होत्या. २०२३ साली आठ हजारांहून अधिक प्रजातींचा पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा शंभरातल्या एक्केचाळीस धोक्यात निघाल्या. पशू किंवा पक्षी यांच्यापैकी कोणावरही एवढी वेळ आलेली नाही.

कारणे अनेक आहेत. रान तुटते, पाणवठे बुजतात, विषारी फवारण्या होतात, हवामान बिघडते. पण एक कारण विलक्षण आहे. ती एक बुरशी आहे. काइट्रिड म्हणतात तिला. १९९८ साली ती बेडकांच्या मरतुकीमागे असल्याचे उघडकीस आले. बेडकाची कातडी आपल्यासारखी नुसते पांघरूण नसते. तो कातडीने श्वास घेतो, कातडीनेच पाणी पितो. ही बुरशी त्या कातडीत शिरते, अंगातल्या क्षारांचा तोल ढळतो आणि हृदय बंद पडते. जिवंत बेडकांच्या देशोदेशीच्या व्यापारातून माणसानेच ती जगभर पोहोचवली. काचेच्या पेटीत आणलेल्या बेडकाला औषधाच्या पाण्यात ठेवून बरे करता येते, पण अख्ख्या रानाला औषधात बुडवता येत नाही.

मध्य अमेरिकेत पनामा नावाचा देश आहे. तिथे ही बुरशी डोंगरामागून डोंगर ओलांडत येताना शास्त्रज्ञांना दिसत होती. महापूर वरच्या गावातून खाली येताना दिसावा तशी. २००६ साली ती एल व्हाये नावाच्या गावाजवळ आली. बेडकांसाठी बांधायचे घर अजून तयार नव्हते. तेव्हा त्या लोकांनी गावातल्या कॅम्पेस्ट्रे नावाच्या हॉटेलात खोल्या घेतल्या, तिथे पेट्या मांडल्या आणि रानातून उचलून आणलेले बेडूक त्यांत ठेवले. प्रवासी उतरतात त्या खोल्यांत बेडूक उतरले. त्यांचे पाणी बदलायचे, त्यांना खाऊ घालायचे, रोज सेवा करायची. मला हे ऐकून आपल्या धर्मशाळा आठवल्या. त्याच वर्षी या कामासाठी जगातल्या प्राणिसंग्रहालयांनी आणि निसर्गरक्षकांनी मिळून एक संस्था काढली. तिच्या नावाचा अर्थ उभयचरांची नौका असा आहे. प्रलयात मनूने नाव घेतली तशी ही.

मात्र एक फरक आहे. पुराणातल्या त्या नावेत जागा कमी पडल्याची कथा नाही. या नावेत मात्र पहिल्या दिवसापासून जागा कमी आहे. पनामा एवढासा देश, पण तिथे उभयचरांच्या दोनशेहून अधिक प्रजाती. एकेका प्रजातीला स्वतंत्र पेट्या हव्यात, पाणी हवे, खाणे हवे, जाणती माणसे हवीत, आणि हे वर्षा-दोन वर्षांचे नाही, कित्येक दशकांचे व्रत आहे. जवळच्या रक्तात वीण होऊन वंश दुबळा पडू नये म्हणून मुळात पुष्कळ जोड्या हव्यात. म्हणजे निवड आली.

निवड कशी करतात ते नातीने सांगितले आणि मी वहीत लिहून घेतले. पहिला प्रश्न असा, की हा जीव त्याच्या रानात राहूनच वाचण्यासारखा आहे का? असेल तर त्याला उचलू नये, रान सांभाळावे. दुसरा, त्याच्यावरचे संकट पुढेमागे टळण्याजोगे आहे का, म्हणजे परत सोडायला घर उरेल का? तिसरा, त्याच्या कुळात दुसरे कोणी आहे की हा एकटाच? केरळच्या बाजूला सह्याद्रीत एक जांभळा बेडूक आहे, २००३ साली शास्त्राला तो नव्याने कळला. त्याच्या कुळाचे सर्वांत जवळचे नातलग समुद्रापार सेशेल्स बेटांवर आहेत. असा जीव गेला तर एक पान नाही, अख्खी पोथी जाते. चौथा प्रश्न, पुरेशा जोड्या मिळतील का आणि त्यांची वीण, त्यांचे खाणे आपल्याला समजते का? आणि पाचवा, त्या देशाच्या लोकांची संमती आहे का, त्यांच्या मनात या जिवाला जागा आहे का?

हे ऐकल्यावर माझ्या मनात शंका उठल्या. कीर्तनात पूर्वपक्ष मांडून मग समाधान करतात, तसे एकेक घेतो.

पहिली शंका. सर्व जीव सारखे, तर यादी कसली? ही तर जिवांची उतरंड झाली. ज्या संप्रदायाने माणसांतली उतरंड मानली नाही, त्याने बेडकांतली कशी मानावी?

याचे समाधान मला आईच्या उदाहरणात सापडले. चार मुलांची आई तापाने फणफणलेल्या मुलाला मांडीवर घेते, बाकीच्यांना म्हणते, तुम्ही तुमचे वाढून घ्या. तिची माया कमी-जास्त झालेली नसते, मांडी एकच असते. अद्वैत भावात असावे, व्यवहारात त्याचा आग्रह धरू नये, असे जुने जाणते सांगत आले. वैद्यही सगळ्यांना एकच काढा देत नाही. म्हणून वरचे पाच प्रश्न नीट पाहा. त्यांत हा जीव किती थोर, हे मुख्य विचारलेले नाही. याची गरज किती आणि आपल्या हातून होण्यासारखे किती, हेच बहुतेक विचारले आहे. निवड जिवांची योग्यता ठरवते असे मानले तर ते पाप आहे. ती आपल्या कावडीचे माप सांगते, असे समजून केली तर ती सेवा होते.

आणि कोणी म्हणेल, मी निवडतच नाही, देव काय ते पाहील. माउली, पेटीची किल्ली हातात घेऊन असे म्हणणे हीही निवडच आहे, फक्त तिचा दोष देवाच्या नावावर टाकलेला असतो. नाथ त्या गाढवाला देव पाहील असे म्हणाले नाहीत.

दुसरी शंका रूपाची. पनामात एक सोनेरी बेडूक आहे. पिवळाधमक, अंगावर काळे ठिपके. धबधब्यांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही म्हणून तो हात हलवून खुणा करतो. त्या देशाचे ते मानचिन्ह, लॉटरीच्या तिकिटांवर त्याचे चित्र, ऑगस्टात त्याच्या नावाचा दिवस. २००९ च्या सुमारापासून तो रानात दिसलेला नाही, पण पनामात आणि अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत त्याचा वंश चालू आहे. चांगलेच झाले. पण त्याच ओढ्याकाठी पानांच्या रंगाचे, मातकट, नाव नसलेले कितीतरी बेडूक होते. त्यांच्यासाठी दानपेटी कोण उघडणार? आपल्याकडे कोकणात आणि घाटात मातीखाली देवगांडूळ राहते. त्याला पाय नाहीत, दिसायला गांडुळासारखे किंवा सापासारखे, पण आहे बेडकाच्याच गोतातले. नावात देव आहे, तरी दिसले की त्याच्यावर फावडे पडते. साप समजून.

रूपावर भाळून दान देणाऱ्याला मी दोष देणार नाही. आपणही विटेवरचे रूप पाहायलाच जातो. सगुणाने मन ओढून घेतले म्हणून तर पुढची वाट सापडते. सोनेरी बेडकाच्या नावाने आलेल्या पैशातून बांधलेल्या खोल्यांत दुसरे बेडूकही राहतात, हे मला आवडले. पण जो यादी करायला बसला आहे, त्याने स्वतःच्या डोळ्यांना विचारावे, की बाबांनो, तुम्ही गरज पाहता आहात की रंग? भाविकाला रूपाचा मोह शोभतो, पंक्तीत वाढणाऱ्याला शोभत नाही.

तिसरी शंका माळकऱ्याची आहे, आणि ती सर्वांत टोचणारी. बेडूक पेटीत ठेवायचा म्हणजे त्याला खायला जिवंत किडे हवेत. ते लोक रातकिडे आणि बारीक फळमाश्या मुद्दाम वाढवतात आणि रोज पेट्यांत सोडतात. एका जिवाला वाचवताना हजारांचा घास. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाने याला पुण्य म्हणावे का? रानातही बेडूक तेच खातो, जीव जिवावर जगतो हे खरे. पण रानात तो घास माझ्या हातून जात नाही, इथे माझ्या हातून जातो.

मी याचे गोड समाधान करणार नाही. आपल्यातले बहुतेक शेतकरी आहेत. नांगराच्या फाळाखाली किती जीव जातात ते आपण जाणतो, तरी पेरतो, आणि पेरताना हात जोडतो. तेवढेच इथे म्हणता येईल. ज्या कर्माला डाग आहे त्याला डाग आहेच म्हणावे, आणि म्हणूनच ते कर्म गरजेपुरते, थोडक्यांसाठी आणि परतीच्या बोलीवरच करावे. शोभेसाठी पेटी भरणे आणि वंश राखण्यासाठी भरणे यांत काचेचा फरक नाही, संकल्पाचा आहे.

परतीची बोली म्हणजे काय ते आफ्रिकेतल्या एका जिवाने दाखवले. टांझानियात किहान्सी नावाच्या नदीची खोल घळ आहे. धबधब्याच्या तुषारांनी सदा भिजलेल्या लहानशा जागेत एक चिमुकला भेक राहत असे. बोटाच्या दोन पेरांएवढाही नाही. तो अंडी घालत नाही, पिलांनाच जन्म देतो. १९९६ साली तो माणसाला कळला आणि थोड्याच वर्षांत विजेसाठी वर धरण होऊन बहुतेक पाणी वळवले गेले. तुषार आटले. २००० साली ४९९ भेक विमानाने न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात नेले. मागे घळीत नळ्यांनी कृत्रिम तुषार उडवायची सोय केली, पण पुढे तिथे बुरशीही पोहोचली. २००९ साली हा भेक रानातून संपला असे जाहीर झाले. परदेशातही मध्यंतरी फार थोडे उरले होते. सांभाळणाऱ्यांनी धीर सोडला नाही. २०१० मध्ये त्यांचा वंश मायदेशी आला आणि २०१२ मध्ये त्याच घळीत, त्याच तुषारांत पुन्हा सोडला. बारा वर्षे. रामाच्या वनवासाला दोन कमी. पेटी ही धर्मशाळा आहे, घर नव्हे, हे ज्यांना विसर पडले नाही त्यांनाच ते साधले.

पण चांगल्या हेतूनेही हात मळतात. स्पेनच्या मायोर्का बेटावर एक भेक आहे, त्यातला बाप अंड्यांच्या माळा मागच्या पायांना गुंडाळून फिरतो. १९८५ पासून त्याला जर्सी बेटावर वाढवले आणि १९८९ पासून मायोर्कात परत सोडले. सगळ्यांना आनंद झाला. पुढे कळले, की सांभाळण्याच्या जागी दुसऱ्या देशाच्या बेडकांचा शेजार झाला होता आणि तिथून ती बुरशी या पाहुण्यांबरोबर मायोर्कात गेली. वाचवायला गेलेल्यांनीच रोग पोहोचवला. ते लोक यावर पांघरूण घालून बसले नाहीत. त्यांनी शोध लावून ते जगाला सांगितले, आणि पुढे डबक्यांतल्या पिलांना औषध देऊन, डबकी साफ करून काही ठिकाणची बुरशी घालवली. चूक कबूल करून ती निस्तरायला परत त्याच डबक्यात उतरणे, याहून वेगळे प्रायश्चित्त कोणते असते?

आणि काही वेळा सर्व करूनही हात रिकामे राहतात. पनामातलाच एक झाडावरचा बेडूक होता. पिलांना स्वतःच्या अंगाची कातडी खायला देणारा बाप, अशी त्याची ख्याती. २००५ साली बुरशी येण्यापूर्वी त्यातले थोडे अमेरिकेत अटलांटाला नेले. पेटीत पिले जगली नाहीत. एकेक करत गेले आणि शेवटी एक नर उरला. तो कित्येक वर्षे मुका होता. २०१४ च्या डिसेंबरात एके दिवशी तो ओरडू लागला. मादीला बोलावण्याची ती हाक. साऱ्या पृथ्वीवर ती ऐकायला कोणी नव्हते. २६ सप्टेंबर २०१६ रोजी तो गेला. नातीने मला ती हाक मोबाईलवर ऐकवली. मी आयुष्यभर विरहिणी गायल्या, वाचकहो, पण ती ऐकल्यावर दोन दिवस माझ्या कंठातून सूर निघाला नाही.

आता मूळ प्रश्न उरतो. ज्यांना नावेत घेतले नाही त्यांचे काय? इथे मला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली पाहिजे.

१९७२ चा दुष्काळ. आमचे गाव माणदेशात. मी विशीत होतो, दिवसा खडी फोडायला जायचो, संध्याकाळी सुकडी घेऊन यायचो. दावणीला चार जनावरे होती आणि कडबा दोघांना पुरेल एवढाच. गाय ठेवणे भाग होते, घरात लहान मुले होती. पावसाला पेरायचे तर तरणा बैल हवा होता. कालवड मामांकडे कऱ्हाडच्या बाजूला चालत नेली. राहिला हरण्या. म्हातारा बैल. बारा वर्षे त्याने आमचे शेत ओढले होते. तेवढे चालण्याची त्याच्यात ताकद नव्हती. बाजारात व्यापारी फिरत होते, पण माळकऱ्याच्या हातून ते होणे नव्हते. एका सकाळी वडिलांनी त्याचे दावे सोडले. संध्याकाळी तो फिरून दारात येऊन उभा राहिला. वडिलांनी आपल्या वाट्याचे पाणी त्याला पाजले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

शेजारी म्हणत, म्हाताराच होता, आज ना उद्या जायचाच. वडिलांनी हे वाक्य कधी तोंडातून काढले नाही. त्यांनी निवड केली होती आणि ती चुकीची होती असेही ते म्हणाले नाहीत. पण त्यानंतर हयातभर दर बेंदराला गोठ्यात बैलांना पुरणपोळी चारून झाली की एक पोळी ते हरण्याच्या रिकाम्या खुंट्यापाशी ठेवत. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "देणं आहे."

मला वाटते, ज्यांना निवडावे लागते त्यांच्यासाठी धर्म इथे आहे. जो राहून गेला तो कमी प्रतीचा होता, अशी मनाची समजूत काढली की निवड करणाऱ्याचे काळीज हळूहळू दगड होते आणि पुढची निवड सोपी होत जाते. ती सोपी होऊ नये. यादीतून सुटलेल्याचे नाव पुसू नये, ते ऋण म्हणून मांडून ठेवावे. त्याचे रान सांभाळता आले तर ते सांभाळावे, त्याचा अभ्यास करावा, आणि उद्या कावडीत थोडे पाणी वाढले तर आधी त्याच्याकडे जावे. ऋण मानणाराच फेडायला उठतो.

हे सगळे दूरदेशीचे झाले. आपल्या दारातले काय? सिंधुदुर्गात आंबोलीला एक पिवळ्या पट्ट्यांचा भेक आहे, वाघाच्या नावाने त्याला ओळखतात. २००९ साली त्याच्या कुळाला शास्त्राने वेगळे नाव दिले. सड्यावरच्या कातळात पहिल्या पावसाने उथळ डबकी साचतात, त्यांत थोड्या दिवसांत त्याची वीण उरकते. जगात त्याचे घर तेवढेच, आणि तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. मी नातीला म्हणालो, "मग यालाही पेटीत घ्या." ती म्हणाली, "नको आबा. पहिला प्रश्न आठवा. त्याला मारते ती बुरशी नाही, रस्ता आणि सड्यावरची माणसांची वर्दळ आहे. ते आपल्याला थांबवता येतं." म्हणजे याच्यासाठी पेटी हे औषध नव्हे, आपल्या वागणुकीवरची पळवाट आहे. जो घरात वाचू शकतो त्याला अनाथाश्रमात नेऊन दान केल्याचे समाधान घेऊ नये.

सावंतवाडीकडचे आपले वारकरी पंढरीला निघतात ते आंबोलीच्या घाटानेच. पहिल्या पावसात रात्री त्या वाटेने गाडी जात असेल तर चालकाला सांगा, माउली, जरा सावकाश. रस्त्यावर जो पिवळा ठिपका उडी मारताना दिसतो त्याला दुसरे गाव नाही. आंबोली दूर असेल तर आपल्या बांधावर पाहा. विहिरीत फवारणीचे डबे धुऊ नका. खणताना देवगांडूळ निघाले तर फावडे बाजूला ठेवून त्याला ओल्या मातीत जाऊ द्या. ज्यांच्यापाशी नाव नाही त्यांच्या हातीही एवढे आहेच, आणि हे जितके जण करतील तितके नावेत कमी जीव न्यावे लागतील.

जाण्यापूर्वी नातीने पुन्हा विचारले, "मग आबा, दोन गाढवांचं काय ठरलं?"

मी म्हणालो, "जे उठूच शकत नव्हतं त्याला नाथांनी पाणी पाजलं असतं. जे चालू शकत होतं त्याला दोरीला धरून पाणवठा शोधत निघाले असते. आणि ते वाटेत गेलं असतं, तर नाथ म्हणाले नसते की रामेश्वर पावला. रिकामी कावड खांद्यावर टाकून ते पुन्हा काशीच्या वाटेला लागले असते."

तिला हे पटले की नाही मला माहीत नाही. पाया पडून गाडीत बसली. मी मात्र ती कथा पुन्हा कधी सांगायची झाली, तर रिकाम्या कावडीपर्यंत सांगेन.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल. रामकृष्ण हरी.